गिळण्याचं मोजमाप: हनुवटीखालचा सेन्सर काय सांगतो आणि काय सांगत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने रे-बॅन डिस्प्ले हा चष्मा जाहीर केला. चर्चा चष्म्याची झाली, पण खरी नवी गोष्ट होती ती त्याच्यासोबत मिळणारा मनगटी पट्टा. न्यूरल बँड नावाच्या या पट्ट्यात कॅमेरा नाही. बोट हलवताना हाताच्या स्नायूंमध्ये जे बारीक विद्युत संकेत तयार होतात, ते तो त्वचेवरून टिपतो. चिमटीसारखी हालचाल केली की स्क्रीनवर क्लिक होतं. यामागचं संशोधन जुलै २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. त्यात लोकांनी कीबोर्डशिवाय, फक्त बोटाने लिहिण्याची हालचाल करून मिनिटाला सरासरी २०.९ शब्द टाइप केले.

त्याच सप्टेंबरमध्ये अल्टरईगो ही कंपनी जाहीर झाली. तिचं मूळ एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या अर्णव कपूर यांच्या २०१८ च्या प्रकल्पात आहे. मनातल्या मनात बोलताना जबडा आणि चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत जे संकेत पोहोचतात, ते वाचून शब्द ओळखायचे, अशी ती कल्पना.

या दोन्हींच्या मुळाशी एकच तंत्र आहे: सरफेस ईएमजी, म्हणजे त्वचेवर सेन्सर चिकटवून स्नायूंचे विद्युत संकेत मोजणं. हे तंत्र मनगटावर आणि जबड्यावर आलं आहे. तिथून हनुवटीखाली यायला फार वेळ लागणार नाही. पाणी किती वेळा प्यायलात, घास नीट गिळलात का, हे सांगणारा पट्टा आणि त्याचं अ‍ॅप बाजारात दिसलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणूनच तो सेन्सर नेमकं काय मोजतो हे आत्ताच समजून घेऊ. मजेसाठी घेतलेल्या गॅजेटचा आकडा चुकला तर फार बिघडत नाही. पण ज्याला गिळताच येत नाही अशा माणसाच्या बाबतीत चुकीचा हिरवा टिकमार्क जिवावर बेतू शकतो.

एका घोटात काय काय घडतं

आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो आणि त्यातलं बहुतेक आपल्या लक्षातही येत नाही. प्रत्येक वेळी दोन डझनांहून जास्त स्नायू आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या किमान पाच नसांच्या जोड्या एका ठरलेल्या क्रमाने काम करतात.

द्राक्षाचं उदाहरण घेऊ, नाशिकचंच. चावून झालं की जीभ तो घास मागे ढकलते. इथपर्यंत सगळं तुमच्या हातात असतं. त्यानंतरचा भाग आपोआप होतो आणि तो एका सेकंदाच्या आत संपतो. टाळूचा मागचा मऊ भाग वर जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, कंठमणी वर जाताना दिसतो तो हाच क्षण. श्वास थांबतो आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. मग अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप उघडते, घास खाली जातो आणि झडप पुन्हा मिटते.

या झडपेची गंमत बघा. शरीरातले बहुतेक स्नायू काम करताना चालू होतात आणि एरवी शांत असतात. या झडपेच्या स्नायूचं उलटं आहे. एरवी तो आवळलेला असतो आणि गिळताना नेमका सैल पडतो. पण नुसतं सैल पडून झडप पूर्ण उघडत नाही. हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्राला वर आणि पुढे ओढतात, तेव्हा दार उघडतं. म्हणजे हनुवटीखाली दोरी आहे आणि दार आहे घशाच्या तळाशी. ही दोरी आणि हे दार लक्षात ठेवा, पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

दोरीचा जोर: ईएमजी

मेंदूकडून नसेतून आदेश आला की स्नायूंच्या तंतूंमधून विद्युत लहर जाते. त्वचेवर चिकटवलेल्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोजला की ती लहर पकडता येते. पण ती अतिशय क्षीण असते, काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. १०० मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा पंधरा हजारावा भाग.

त्यामुळे आधी संकेत मोठा करावा लागतो, मग गाळावा लागतो. उपयोगी माहिती साधारण २० ते ४५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. गोची अशी की आपल्या घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट बरोबर याच पट्ट्यात येऊन बसतो. तो वेगळा काढायचा, मग संकेताचे उणे भाग अधिक करून घ्यायचे आणि सरासरी काढून एक गुळगुळीत रेष तयार करायची. स्नायूने जोर लावला की रेषेवर उंचवटा दिसतो.

हे तंत्र आता महागही राहिलेलं नाही. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्सचं बायोअँप ईएक्सजी पिल हे बोटाच्या पेराएवढं ओपन सोर्स बोर्ड साध्या अर्डुइनोला जोडता येतं. मी घरी ते जोडून स्वतःच्या हनुवटीखाली ईसीजीचे साधे स्टिकर लावून पाहिले. सेकंदाला ५०० नोंदी घेतल्या. पाण्याचा घोट घेतला, स्क्रीनवर छान उंचवटा आला. मग मुद्दाम न गिळता नुसती जीभ टाळूला दाबली. त्याचा उंचवटा घोटापेक्षा मोठा होता. तोंड उघडलं, उंचवटा. जांभई दिली, पुन्हा उंचवटा. हनुवटीखालचे स्नायू बोलताना, चावताना, जीभ हलवतानाही काम करतात. सेन्सरला त्याचं काही देणंघेणं नसतं, तो फक्त वीज मोजतो.

यावर उपाय आहेत. दोनऐवजी जास्त इलेक्ट्रोड लावणं, मान हलली हे कळण्यासाठी मोशन सेन्सर जोडणं, भरपूर नमुन्यांवर मशिन लर्निंगचं मॉडेल शिकवणं. त्यामुळे 'हा घोट होता की जांभई' हे बऱ्यापैकी ओळखता येईल. पण 'घोट नीट गेला का' हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या संकेतात नाही.

(कुणाला हा प्रयोग करायचा असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून फक्त बॅटरीवर चालवा. अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना घरातल्या विजेशी थेट जोड नको. आणि आजारी माणसावर प्रयोग अजिबात नको.)

दाराचा दाब: मॅनोमेट्री

दार उघडलं का, हे कळायला घशाच्या आत जावं लागतं. हाय रिझोल्यूशन मॅनोमेट्रीमध्ये साधारण चार मिलिमीटर जाडीची लवचीक नळी नाकातून घशात आणि पुढे अन्ननलिकेत सोडतात. बऱ्याच नळ्यांवर एकेक सेंटिमीटरच्या अंतराने ३६ दाबाचे सेन्सर असतात. रुग्णाला थोडं थोडं पाणी गिळायला सांगतात आणि स्क्रीनवर रंगीत नकाशा तयार होतो. निळा म्हणजे कमी दाब, लाल म्हणजे जास्त. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू नाकापासून खाली पोटापर्यंतच्या जागेची.

निरोगी माणसाच्या नकाशात घशाच्या वरच्या भागातून दाबाची लहर खाली सरकताना दिसते. ब्लड प्रेशर ज्या एककात मोजतात त्याच एककात हा दाब अनेकदा १०० च्या वर जातो. त्याच वेळी खालच्या झडपेपाशी उलट चित्र असतं. एरवी तिथे दाबाचा जाड पट्टा असतो, तो साधारण अर्ध्या सेकंदासाठी नाहीसा होतो आणि लगेच परत येतो. ते अर्धं सेकंद म्हणजे दार उघडं असल्याची खूण.

घशातला दाब फार झटकन चढतो आणि उतरतो. म्हणून पाण्याच्या बारीक नळ्यांवर चालणारी जुनी यंत्रं तिथे कमी पडायची. नळीवरच बसवलेले इलेक्ट्रॉनिक सेन्सर आल्यावर हे मोजमाप भरवशाचं झालं. आपल्याकडे ही यंत्रं मुख्यतः मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत असतात आणि तिथेही वापर जास्त करून अन्ननलिकेच्या आजारांसाठी होतो.

आणि मॅनोमेट्रीलाही मर्यादा आहे. ती दाब सांगते, घास कुठे गेला हे दाखवत नाही. त्यासाठी बेरियम मिसळलेला घास गिळताना काढलेला एक्स-रे व्हिडिओ लागतो, किंवा नाकातून कॅमेरा घालून केलेली फीस ही तपासणी. तिची पद्धत १९८८ मध्ये सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी मांडली.

म्हणजे तीन प्रश्न आणि तीन वेगळी साधनं:

- जोर किती लागला? ईएमजी.
- दाब किती तयार झाला आणि दार उघडलं का? मॅनोमेट्री.
- घास गेला कुठे? एक्स-रे व्हिडिओ किंवा कॅमेरा.

उंच रेष म्हणजे चांगलं गिळणं?

अ‍ॅप बनवणारे आम्ही लोक इथे सहज घसरू शकतो. फिटनेस अ‍ॅपने आपल्याला सवय लावली आहे की आकडा वाढला म्हणजे प्रगती. पावलं जास्त, स्कोअर जास्त, हिरवा रंग.

आता तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलेल्या एखाद्या माणसाचा विचार करा. रेडिएशनने घशातला आणि मानेतला भाग पुढे कडक होऊ शकतो. असा माणूस गिळताना दोरी जिवाच्या आकांताने ओढतो. ईएमजीची रेष उंच जाते. पण दार कडक झालेलं असतं, ते अर्धवटच उघडतं. अन्न घशातच साचतं आणि श्वास घेताना थोडं श्वासनलिकेत उतरतं. अ‍ॅप म्हणेल 'उत्तम', आणि फुप्फुसात न्यूमोनियाची सुरुवात होत असेल. उलट निरोगी माणूस लाळ गिळतो तेव्हा रेष जेमतेम हलते, कारण त्याला जोर लावावाच लागत नाही.

शिवाय दोन माणसांच्या ईएमजीची सरळ तुलना करता येत नाही. त्वचेखाली चरबी किती, दाढी आहे का, स्टिकर अर्धा सेंटिमीटर सरकला का, यावर आकडा बदलतो. त्याच माणसाचा, त्याच दिवशीचा, त्याच जागेचा आकडा त्याच्याच कमाल जोराशी ताडून पाहिला तरच त्याला अर्थ असतो.

वरवरच्या तपासणीत किती निसटतं, हे पक्षाघातावरच्या संशोधनात दिसतं. २००५ मध्ये रोझमेरी मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साध्या चाळणी तपासणीत ३७ ते ४५ टक्के रुग्णांना गिळण्याचा त्रास आढळला होता. तज्ज्ञाने हाताने, डोळ्याने तपासल्यावर ५१ ते ५५ टक्के. आणि उपकरण लावल्यावर ६४ ते ७८ टक्के. यामागचं एक मोठं कारण म्हणजे काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं, पण साधा ठसकाही लागत नाही. तिथली संवेदनाच बोथट झालेली असते. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, हे घरच्यांना वाटतं. हनुवटीखालच्या सेन्सरलाही तसंच वाटेल.

हा प्रश्न आपल्याकडे मोठा का

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू मळणारे हात बसस्टँडवर, कॉलेजच्या गेटवर आजही दिसतात. यातल्या अनेकांची जीभ, जबडा किंवा घसा ऑपरेशन आणि रेडिएशनमधून जातो.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात गुलियन बारे सिंड्रोमची साथ आली, ती आठवत असेल. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या पुढे गेली. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बातम्यांमध्ये हातपाय आणि व्हेंटिलेटर यांची चर्चा झाली. पण नसा दुबळ्या झाल्या की काही रुग्णांचं गिळणंही जातं, आणि हळूहळू ते परत मिळवावं लागतं.

आता नाशिकचं बघू. इथे कर्करोगाची ऑपरेशन होतात, पक्षाघाताचे उपचार होतात. पेठ, सुरगाणा, कळवणहून लोक त्यासाठी नाशिकला येतात. अडचण त्यानंतर सुरू होते. नाकात नळी घालून माणूस घरी जातो आणि पुन्हा तोंडाने खायला शिकवणारा स्पीच थेरपिस्ट गावाजवळ नसतो. (बऱ्याच जणांना हेही माहीत नसतं की स्पीच थेरपिस्ट गिळण्यावरही उपचार करतात.) मॅनोमेट्री किंवा एक्स-रे व्हिडिओसाठी मुंबईला जा म्हटलं तर कसारा घाट उतरून जाणं, तिथे राहणं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणं, हे सगळं आलं. विरोधाभास असा की राज्यभरातल्या स्पीच थेरपीच्या पदवीचा अभ्यासक्रम महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आहे, आणि ते १९९८ साली सुरू झालेलं विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे.

नळीवर असलेल्या माणसाला मिसळ नको असते. त्याला वरण-भाताचा एक घास स्वतःच्या तोंडाने खायचा असतो. घरात सगळे जेवायला बसले की तो बाहेर जाऊन बसतो. आमच्या कॉलनीत एक काका असेच गॅलरीत बसायचे.

मग स्वस्त सेन्सरचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि चांगला आहे. फक्त निदानासाठी नाही, सरावासाठी.

गिळण्याच्या व्यायामात अडचण अशी की आपण बरोबर करतोय का हे रुग्णाला दिसत नाही. हाताचा व्यायाम डोळ्यांना दिसतो, घशाचा दिसत नाही. 'जोर लावून गिळा' किंवा 'कंठमणी वर गेला की दोन सेकंद तिथेच धरून ठेवा' असं थेरपिस्ट सांगतात, पण घरी गेल्यावर ते जमतंय की नाही कसं कळणार? इथे ईएमजीची रेष आरशाचं काम करते. रेष वर गेली, धरून ठेवली, खाली आली. सराव मोजता येतो.

२००४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या मायकेल क्रॅरी आणि सहकाऱ्यांनी असा सराव केलेल्या ४५ रुग्णांच्या नोंदी छापल्या. पक्षाघाताचे २५ आणि डोके-मानेच्या कर्करोगाचे २०. त्यातल्या ३९ जणांचं तोंडाने खाणं सुधारलं. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय सेन्सरला देता येत नाही. पण दिशा दिसते. २०१९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या ची ह्वान ली आणि जॉर्जिया मालांड्राकी यांच्या गटाने हनुवटीखाली बसेल असा पातळ लवचीक पॅच तयार केला. रुग्ण घरी आणि थेरपिस्ट दूर, अशा वापराचाच विचार त्यामागे होता.

माझ्या मते नाशिकसारख्या शहरासाठी बरोबर मांडणी अशी: निदान एकदा, पूर्ण साधनांनी, तज्ज्ञांकडे. त्यासाठी मुंबईला जावं लागलं तरी जायचं. तिथे कोणता व्यायाम करायचा आणि कोणता करायचा नाही हे ठरेल. त्यानंतरचा रोजचा सराव घरी, फोनला जोडलेल्या सेन्सरवर, मराठी सूचनांसह. नोंदी थेरपिस्टकडे जातील आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल होईल. ई-संजीवनीसारखी सरकारी व्यवस्था डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी चालतेच आहे, गिळण्याचा सराव त्याच वाटेने जाऊ शकतो. अशाने मुंबईच्या फेऱ्या कमी होतील. बंद मात्र होणार नाहीत, आणि तसा दावा कुणी करू नये.

तुमच्या घशाचा डेटा कुणाचा?

अल्टरईगोच्या दिशेने विचार केला तर एक मुद्दा लगेच दिसतो. जो सेन्सर घोट ओळखतो, त्याच्याच जातीचा सेन्सर बोलणं ओळखू शकतो. घशाचा कच्चा संकेत क्लाउडवर गेला तर आज त्यातून घोट मोजतील, उद्या त्याच रेकॉर्डिंगमधून आणखी काय काढतील हे आज ठरलेलं नाही.

आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण २०२३ च्या या कायद्यात 'संवेदनशील' डेटाचा वेगळा वर्ग नाही. कायद्याच्या नजरेत तुमच्या घशाचे संकेत आणि तुमचा मोबाईल नंबर एकाच रांगेत. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये मज्जासंस्थेच्या डेटाला संवेदनशील ठरवलं. आपल्याकडे तोवर संमती देताना आपणच डोळे उघडे ठेवायचे.

असं गॅजेट समोर आलं तर हे विचारा

- हे जोर मोजतं, दाब मोजतं, की घास कुठे गेला ते दाखवतं? जोर मोजून 'सुरक्षित गिळताय' असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.
- आजार ओळखण्याचा दावा असेल तर ते भारतात वैद्यकीय उपकरण ठरतं. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेचा परवाना किंवा नोंदणी आहे का?
- तुलना कुणाशी? तुमच्याच आधीच्या नोंदीशी, की कुठल्या तरी सरासरीशी?
- कच्चा डेटा फोनवर राहतो की बाहेर जातो?

आणि घरात कुणाला पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला, घरघरल्यासारखा येत असेल, घास अडकल्यासारखा वाटत असेल, वजन उतरत असेल किंवा सारखा न्यूमोनिया होत असेल, तर अ‍ॅप शोधत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा स्पीच थेरपिस्टकडे घेऊन जा. पक्षाघात झालेल्या माणसाला तर तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही पाजू नका. यातलं एखादं लक्षण तुम्ही वेळेवर ओळखलंत, तर आज कुठल्याही सेन्सरपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.